राही कुठल्या पानावर होती

काजू सोलण्याच्या खोलीत आवाज फारसा होत नाही. पलीकडच्या शेडमध्ये बिया फोडण्याच्या मशीनी दिवसभर खडखडत असायच्या, तिथे शेजारणीशी बोलायचं तर तिच्या कानाशी तोंड न्यावं लागे. पण मधला दरवाजा लोटला की आमच्या बाजूला उरायची ती पंख्याची घरघर आणि सुऱ्यांची बारीक कुरकुर. भट्टीतून निघालेले गर पत्र्याच्या ताटांत घेऊन बायका पोती अंथरून बसायच्या आणि सुरीच्या टोकानं त्यांच्यावरची तांबडी साल काढायच्या. ती साल इतकी हलकी, की कुणी शिंकलं तरी उडून केसांत बसायची. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतला तो कारखाना आमच्या बौद्धवाडीपासून चालत जाण्यासारखा होता. आई तिथे आधीपासून होती. बाबा मुंबईला एका गोदामात कामाला. घरी यायचे ते जयंतीला आणि मे महिन्यात. मी कॉलेजात गेले आणि सकाळचे तास उरकून दुपारी आईच्या शेजारी ताट घेऊन बसू लागले. हात मात्र माझे कामाचे नव्हते. माझ्या ताटात अख्ख्यापेक्षा तुकडेच जास्त निघत.

ऐतिहासिक कादंबऱ्यांचं वेड मला शाळेतच लागलं होतं. वर्गाच्या कोपऱ्यातल्या कपाटात एक जाडजूड, पुठ्ठा सुटलेलं पुस्तक होतं, ते मी घरी आणलं आणि दोन-चार दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं. खलिता, बुरूज, दारूकोठार, मुजरा, असे शब्द मी पाणी भरताना पुटपुटत असे. आईनं हाक मारली की “आज्ञा, आईसाहेब,” म्हणायचे. “आज्ञा ऱ्हाऊ दे,” आई म्हणायची, “चुलीवरचा भात उतरव आधी, लागला बघ.” बाबांना हे आवडत नसे. राजेरजवाड्यांच्या गोष्टींत आपलं काय आहे, असं ते एकदा म्हणाले आणि पुन्हा बोलले नाहीत. वाचणं मात्र सुटलं नाही. वाचताना मी नेहमी गडावर असायचे. गडावर कोण म्हणून, हे मात्र मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

कारखान्यात वाचन सुरू झालं ते कुंदामुळे. कुंदा कुणब्यांची, आईच्या बरोबरीची, तोंडानं भारी. जेवणाच्या सुट्टीत मी भिंतीला टेकून वाचत बसलेली बघून ती म्हणाली, “एकटी एकटी काय खातंस गो? आमाला पन वाढ की थोडं.” मी चार पानं मोठ्यानं वाचली. दुसऱ्या दिवशी सगळ्या माझ्याभोवती सरकून बसल्या. तिसऱ्या दिवशी सुट्टी संपली तरी कुणी मला थांबू देईना. मुकादमीण हटकायला आली आणि दारात उभी राहून स्वतःच ऐकत राहिली. “ऐकताना तोंडं बंद ऱ्हातात,” कुंदा तिला म्हणाली, “काजू तोंडात जात नाय. शेठला परवडतं.” मग एक रीतच पडली. मजुरी सोललेल्या गरांच्या वजनावर, आणि वाचणारीचे हात पुस्तकात अडकलेले, तिचं वजन संध्याकाळी भरणार कसं? तर प्रत्येकीनं आपल्या ताटातली एक मूठ माझ्या ताटात टाकायची. कुणी ठरवलं नव्हतं, शेवंतामावशीनं पहिली मूठ टाकली आणि बाकीच्यांनी तिचं पाहिलं. सोललेले पांढरे गर पत्र्यावर पडतानाचा तो आवाज माझ्या आयुष्यातली पहिली कमाई होता, आणि अजूनही मला ती सगळ्यात मोठी वाटते.

शेवंतामावशी आमच्याच वाडीतली, आमच्या घरामागचं घर तिचं. लांबची का होईना, आईची बहीण लागायची. नवरा लवकर गेलेला, मिलिंद नावाचा एकच मुलगा, तेव्हा शाळेत जाणारा. तिला अक्षरओळख नव्हती. ओहोटीला खाडीवर जाऊन खडकाला चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपल्या, फोडून आणायची, त्यातली वाटीभर आमच्याकडे यायची आणि त्या दिवशी आमच्या घरात कुळथाच्या पिठीला सुट्टी मिळायची. ऐकताना ती खाली मान घालून बसायची. वाटायचं, हिचं लक्ष नाही. पण आदल्या दिवशीचं वाक्य मी चुकवलं तर तीच सांगायची, “किल्लेदार काल डावीकडं वळला व्हता गो.”

मी तेव्हा शहरातल्या वाचनालयातून आणलेली एक कादंबरी वाचत होते. तिचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्या लेखकाचा काही दोष नाही. खाडीच्या तोंडावरचा एक किल्ला, त्याला पडलेला वेढा, आत कोंडलेली शिबंदी, असा विषय. एका दुपारी मी वाचत होते की संध्याकाळी किल्लेदार परतला, दरवाज्यावरच्या महारांनी दिंडी उघडली आणि किल्लेदार आत शिरला.

“थांब,” शेवंतामावशी म्हणाली. तिची सुरी थांबली होती. “दिंडी कोनी उघडली म्हणालीस?”

“महारांनी.”

“मग?”

“मग किल्लेदार आत आला.”

“तो आला गो. ते उघडनारे कुठं गेले?”

मी पानावर पाहिलं. पुढच्या ओळीत किल्लेदार तलवार काढून ठेवत होता. पान उलटून पाहिलं, त्याच्या पुढचंही. ते कुठेच नव्हते. दार उघडून ते पुस्तकातूनच निघून गेले होते. कुंदा म्हणाली, “दार उघडून बसले असतील चिलीम वढत,” आणि दोघी-तिघी हसल्या. मावशी हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मी पानाकडे. मग डोळे न उचलता, वाचते त्याच सुरात मी म्हणाले, “त्यांतल्या एकाची बायको राही. ती तटाखाली खडकात कालवं फोडत होती. तिनं वर पाहिलं आणि तिला किल्लेदाराच्या चालीवरून कळलं की बातमी बरी नाही.”

सुऱ्या पुन्हा चालू झाल्या. मावशीनं मान खाली घातली. संध्याकाळी तिची मूठ माझ्या ताटात पडली तेव्हा ती नेहमीपेक्षा भरलेली होती.

मी एका दिवसापुरतंच म्हणून ते केलं होतं. पण दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या मावशी म्हणाली, “राही काय म्हनते?” आणि मी राहीला आणलं. नंतर रोज आणत गेले. किल्लेदाराची चार पानं छापलेली वाचायची आणि अर्धं पान राहीचं, न छापलेलं. राही फटकळ होती. राहीला भरती-ओहोटीचा ताल पाठ होता. “समुद्राला वेढा कोन घालनार?” असं ती एकदा नवऱ्याला म्हणाली, तेव्हा सगळ्या बायका वाहवा म्हणाल्या. ते वाक्य शेवंतामावशीचं होतं. आदल्याच आठवड्यात, खाडीवर भिंत घालायचं सरकारी काम निघालं होतं त्यावरून ती बोलली होती, मी ते उचलून राहीच्या तोंडी दिलं. अशी तिची कितीतरी वाक्यं मी उचलली. कालवं फोडताना पाय कसा ठेवायचा, दात दुखला तर काय चावायचं, रडू आलं तर कुठल्या कामाला लागायचं. आणि ती ऐकून मावशी कौतुकानं म्हणायची, “ही राही माझ्यासारखीच बोलते गो. तवापासून अशीच व्हती म्हनायची आपली बायमानसं.”

त्या ‘तवापासून’ शब्दावर मी घाईनं पान उलटायचे. तिच्यासाठी पुस्तकात छापलेलं म्हणजे घडलेलं. तिला कादंबरी आणि इतिहास असे दोन डबे वेगळे माहीत नव्हते. खरं सांगायचं तर खोलीतल्या बाकी कुणालाच नव्हते. मी सांगू शकले असते. रोज सकाळी कॉलेजला जाताना ठरवायचे की आज सांगू, आणि रोज दुपारी राहीला आणखी एका संकटात टाकायचे, कारण त्या अर्ध्या पानाच्या वेळी खोलीत जी शांतता व्हायची तशी किल्लेदारासाठी कधी झाली नाही. एकदा कुंदा हात पुसत आली आणि म्हणाली, “दाखव बघू, राहीचं चित्र हाय काय त्यात?” ती चौथी शिकलेली, बोट ठेवून ठेवून वाचायची. मी पुस्तक मिटलं. “हात तेलकट आहेत तुझे, वाचनालयाचं आहे ते.” कुंदा माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. “मोठी वाचनालयवाली,” एवढंच म्हणाली.

खरंच होतं ते. मला वाचनालयवाली व्हायचं होतं. तिथे महिन्यातून एकदा ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणाऱ्यांचं मंडळ बसायचं. वकील, डॉक्टरीणबाई, बँकेतले दोघे, आणि मध्यभागी अण्णा, निवृत्त मुख्याध्यापक. अण्णांना कादंबऱ्या इतक्या तोंडपाठ, की कुणी एखादा प्रसंग काढला तर पुस्तक न उघडता ते प्रकरण सांगत. मी मागच्या बाकावर बसायचे. एकदा मी धीर करून बोलले, तेव्हा अण्णा म्हणाले, “या मुलीचं वाचन चांगलं आहे.” पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवली होती. हे वाचताना कुणाला हसू येईल. आमच्या वाडीतल्या मुलीसाठी कुणी खुर्ची धरून ठेवणं म्हणजे काय, हे मला हसणाऱ्याला समजावता येणार नाही.

मीच एकदा बढाईनं सांगून बसले की आमच्या कारखान्यात बायका कादंबरी ऐकतात. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. “त्यांना बोलवायचंच,” ते म्हणाले. “पुढची बैठक त्याच कादंबरीवर ठेवू. प्रत्येकीनं आपल्या आवडीच्या पात्राबद्दल दोन शब्द बोलायचे.” मी म्हणाले, त्यांना सुट्टी नसते. ते म्हणाले, रविवारी ठेवू. मी म्हणाले, त्या लाजतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लाज आम्ही घालवू.

मधले दिवस मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही, तोंडाला चव नव्हती एवढं आठवतं. अण्णांचं आमंत्रण मुकादमिणीकडे परस्पर पोचलं होतं, तरी कारखान्यात मी सांगितलं की बैठक बहुतेक रद्द होईल. मुकादमिणीचा भाऊ वाचनालयाजवळ राहायचा, त्यानं तिथल्या फळ्यावर बैठकीची तारीख लिहिलेली वाचली होती, तिनं ते सांगितलं. मग मी मावशीला गाठून म्हणाले, “तू नुसती ऐकायला चल हां. बोलायची काही सक्ती नाही.”

“सक्ती कशाला?” ती म्हणाली. “मी बोलनारच हाय. राहीचं मी नाय बोलनार तर कोन बोलनार? कुंदा?”

तेव्हा सांगायचं होतं. आम्ही दोघीच होतो, तिच्या परड्यात, ती अबोलीला पाणी घालत होती. मी म्हणाले, “बरं.”

रविवारी मावशी पौर्णिमेला नेसायची ती पांढरी साडी नेसून आली. तरुणपणी काही वर्षं ती फोडण्याच्या बाजूला होती, तिथल्या काजूच्या टरफलातल्या चिकाचे काळे डाग तिच्या बोटांवर कायमचे बसलेले होते, त्यांना तिनं खोबरेल चोळलं होतं. आई, कुंदा आणि आणखी चौघी-पाचजणी दुसऱ्या रांगेत बसल्या. माझी खुर्ची पुढे, डॉक्टरीणबाईंच्या शेजारी. मी मागे वळून पाहिलं नाही. वकील बोलले, बँकेतले एक बोलले, कुंदा उभी राहिली आणि म्हणाली, “मला किल्लेदाराची सासू आवडली, कारन ती माझ्या सासूसारखी नव्हती,” त्यावर सगळा हॉल हसला. मग शेवंतामावशी उभी राहिली.

ती छान बोलली. चाचरली नाही. राही कालवं फोडायची, राहीला ओहोटी कळायची, वेढ्यात निरोप्या अडकला तेव्हा राहीनं त्याला खडकावरून कसं पलीकडे नेलं, पाण्यात पाय कुठे टाकायचा हे तिनं त्याला कसं हात धरून दाखवलं. “किल्ला तिनं राखला,” मावशी म्हणाली, “आमच्यातली व्हती ती. दिंडीवरच्याची बायको.” खाली बसताना तिनं पदर सावरला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पाहिलं, कारण तेवढ्यात मी वळले होते.

अण्णा हसत होते, पण वाईट हसणं नव्हतं ते. कादंबरी त्यांच्या हातात होती. “मावशी, फार सुंदर बोललात. पण अशी कुणी बाई या कादंबरीत नाही हो. दुसरी कुठली गोष्ट मनात मिसळली असेल.”

“नाय,” मावशी पुन्हा उभी राहिली. “ह्याच्यातच हाय.”

“निरोप्या बुडतो, मावशी. तेराव्या प्रकरणात.”

मागे कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी. मावशी गोंधळली नाही. तिनं माझ्याकडे बोट केलं. “हिला इचारा. हिनंच वाचलंय. नंदे, सांग गो त्यांना, राही कुठल्या पानावर हाय ते.”

सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या. डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला, मला धीर द्यावा तसा. मी अण्णांकडे बघून म्हणाले, “त्यांची काहीतरी गल्लत झाली असेल. त्या काम करता करता ऐकतात ना.”

जन्मभर मी तिला ‘ती’ म्हणत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा ‘त्या’ म्हटलं.

परतीच्या एसटीत मावशी खिडकीशी बसली होती आणि कुंदा तिच्या शेजारी. घरी आल्यावर आईनं भात वाढला, आमटी वाढली आणि माझ्यासमोर बसून राहिली.

“रचलंस काय ते?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

मी भात कालवत राहिले. आई म्हणाली, “सकाळी उठून आधी तिच्याकडे जा.” मी गेले नाही. कॉलेजला पहिल्या तासाला उशीर होईल असं मी आईला सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं. दुपारी कारखान्यात पोचले तेव्हा मावशीची जागा रिकामी होती. तिनं मुकादमिणीला सांगून मशीनीकडची बाजू मागून घेतली होती. बसून बसून पाठ धरते, असं कारण दिलं म्हणे. मी पुस्तक उघडलं. “वाच की,” कुंदा म्हणाली. “आता हाय तेवढंच वाच.” मी होतं तेवढंच वाचलं. किल्ला पडला, किल्लेदार पडला. संध्याकाळी माझ्या ताटात कुणाचीच मूठ पडली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी सुरी घेऊन बसले.

मंडळात मात्र मी राहिले. हे मला लिहिलंच पाहिजे. माझी खुर्ची टिकली, पुढे मी शिक्षिका झाले, अलोऱ्याला नोकरीत बरीच वर्षं गेली, तिथल्या वीजप्रकल्पाच्या वसाहतीत मी स्वतः वाचकांचं मंडळ चालवलं आणि लोक म्हणायचे, बाई ऐतिहासिक कादंबरी काय समजावून सांगतात. कुणी नवीन बाई बोलायला उभी राहिली की मी हातातलं पुस्तक मिटून खाली मान घालायचे. लोकांना वाटायचं, बाई किती तन्मय होऊन ऐकतात. सुट्टीत वाडीत आले की मावशी दिसायची, “कधी आलीस?” विचारायची, मी “काल” म्हणायचे. आईनं तो विषय पुन्हा काढला नाही, आणि ती वारली तेव्हा त्यानंतरची आमच्या घरातली पहिली चूल पेटवायला शेवंतामावशीच आली. तेव्हाही मी बोलले नाही.

गेल्या महिन्यात मी मावशीकडे गेले. कारण सांगायचं तर काहीच नाही, निवृत्तीचे कागद करायला आले होते आणि तिच्या दारावरून जाताना पाय थांबले. ती पडवीत बसून शेंगा सोलत होती. मी जवळ बसले आणि, ठरवलेलं काहीच न आठवता, म्हणाले, “मावशी, ती राही मी रचलेली होती.”

“काय?” तिनं कान पुढे केला. “मोठ्यानं बोल. मशीनीनं कान खाल्लेत माझे.”

मी पुन्हा सांगितलं. तिनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

“ते काय मला कळलं नाय? हॉलातच कळलं. तुझं तोंड बघितलं नि कळलं.” सूप हलवत ती म्हणाली, “रचलीस ते बरं केलंस. चांगली रचली व्हतीस. त्याचं मला काय नाय.”

आत टीव्ही चालला होता.

“पन मिलिंद तवा शाळेत व्हता. त्याला पोरांनी सांगितलं, तुझी आय हॉलात कायबाय बरळली. तवापासून ह्या घरात माझं कोन खरं धरीत नाय. बांध कुठं व्हता सांगितलं तर म्हनतो, आये, कादंबरी नको सांगू. सून तेच शिकली. नात पन.” ती माझ्याकडे बघत होती, रागानं नव्हे, काम सांगावं तशी. “माझ्यापाशी सांगून काय उपेग? मला म्हाईत हाय मी काय ऐकलं ते.”

मग तिनं हाक मारली. मिलिंद बाहेर आला, केस पांढरे व्हायला लागलेले. त्याची बायको पीठ लागलेल्या हातांनी दारात उभी राहिली, मुलगी कानातले इअरफोन काढत आली. “बस,” मावशी मुलाला म्हणाली. “नंदा काय सांगते ते ऐक. आनि मधी बोलू नको.”

मी उठले. “मिलिंद,” मी म्हणाले, “त्या दिवशी वाचनालयात तुझी आई खरं बोलत होती. खोटं मी बोलले.”

तो आईकडे वळून बघत राहिला. मावशीनं मात्र मान हलवली आणि आतल्या टीव्हीकडे हात केला.

“ते बंद कर गो आधी,” ती नातीला म्हणाली. “आनि तू परत सांग. मोठ्यानं.”